ताडपत्री आम्ही दिली, नाव तुमच्या यादीतून कापलं : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पैनगंगेच्या काठचा शेतकरी. नदी ओलांडली की हिंगोली. २०२४ च्या १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास जमीन हलली, केंद्र हिंगोली जिल्ह्यात, ४.५ रिश्टर. मुंबईत ती दोन ओळींची बातमी झाली असेल, आमच्याकडं लोक लेकरं उचलून अंगणात पळाले आणि त्यानंतर कित्येक घरात रात्री कोणी आत झोपलंच नाही. तेव्हापासून गावातले पोट्टे आणि मी ताडपत्र्या, तांदूळ, तूरडाळ, तेल घेऊन तांड्यांवर, वस्त्यांवर फिरून राहिलो. कोणी सांगितलं म्हणून नाही, जावंच लागते म्हणून.

काल नुकसानभरपाईची यादी लागली. ज्या घरावर आमची ताडपत्री आहे नेमकं तेच घर यादीत नाही. विचारलं तर उत्तर आलं, "त्यांना निवारा मिळालेला आहे." साहेब, निवारा कोणी दिला? वर्गणीतून घेतलेलं प्लास्टिक म्हणजे सरकारची मदत कधीपासून झाली?

तांड्यावर एक म्हातारी आहे, सगळे याडी म्हणतात, बंजारा बोलीत आई. तिच्या चुलीमागच्या भिंतीला भेग गेली आहे, अशी की बोट घातलं तर पलीकडं निघते. मातीची भिंत. भेगेतून पावसाचं पाणी मुरलं, खालून माती फुगली, आणि दहा-बारा दिवसांनी अर्धी भिंत मागच्या अंगाला बसली. याडी आता ताडपत्रीखाली स्वयंपाक करते, पिठाचा डबा खाटेवर ठेवून. पंचनाम्याला आलेल्या माणसानं टेप लावून भिंतीची लांबी मोजली, भेग मोजलीच नाही. वर म्हणते भूकंपानं पडली असती तर त्याच दिवशी पडली असती, ही पावसानं पडली. बरं, पावसात धरा म्हटलं तर म्हणते आपल्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झालाच नाही, अतिवृष्टी बसत नाही. म्हणजे भूकंपातही नाही आणि पावसातही नाही, मग ती भिंत पाडली कोणी? याडीनं?

आणि बसलं तरी किती मिळते? कच्च्या घराची अंशतः पडझड, निदान १५ टक्के नुकसान असेल तर ४ हजार रुपये. चार हजारात पत्रे घ्यावे का विटा का मिस्त्रीची मजुरी द्यावी, तुम्हीच हिशोब करून सांगा.

२१ मार्चलाही सकाळी सहाच्या सुमारास दोन धक्के बसले होते. तेव्हा नांदेडकडं प्रशासनानं आवाहन केलं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन बरोबरच होतं, झोपेत डोक्यात दगड पडला तर माणूस जाते. ते ऐकून आमच्याकडंही लोकांनी दगड उतरवले. पण गरिबाचा पत्रा दगडावरच टिकते ना, हूक-बोल्ट मारलेले असते तर दगड ठेवलेच कशाला असते? वैशाखातल्या वावधानात पत्रे उडाले. दगड काढा सांगणारे होते, हूक देणारं कोणी नव्हतं.

धक्क्यानंतर बैठक झाली, तिथं मोठे साहेब सगळ्यांसमोर बोलले, तुम्ही स्वयंसेवक पुढं व्हा, ताडपत्र्यांचे पैसे निधीतून देऊ, पंचनामे आठ दिवसात संपवू. मी त्यांच्या शब्दावर दुकानातून माझ्या नावानं उधारीत माल उचलला. आता ते साहेब फोन उचलत नाहीत आणि दुकानदार रोज करते. आमच्या किटांसोबत काढलेले फोटो मात्र "प्रशासनाची तत्पर मदत" म्हणून ग्रुपवर फिरले. माझं सोयाबीन तणात गेलं, डवरणी झाली नाही, घरची बोलते ते खोटं नाही. माझ्याही गोठ्याची भिंत तडकली, बैल बाहेर बांधतो. त्या भिंतीचा अर्ज दिला तर टेबलावरून ऐकायला मिळालं, तुम्ही तर वाटणारे, तुम्ही घेणारे कसे? भर पावसात डोक्यावर तांदूळ घेऊन चिखल तुडवल्याचं हे फळ.

मी १९९३ ला पोरगा होतो तेव्हा गावच्या ट्रकमधून किल्लारीला गेलो होतो. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक गाढ झोपेत. मेलेल्यांचा आकडा कोणी आठ हजार सांगते कोणी दहा. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली घरंच्या घरं गेली. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात सडत होते आणि माणसं भांडं मागत होती, कंदील मागत होती. तेव्हापासून मी कुठं मदत घेऊन गेलो तर आधी विचारतो, काय पाहिजे. सरकारला इतक्या वर्षांत एवढं विचारायला जमलं नाही? बावन्न गावं नव्यानं वसवली तुम्ही, जागतिक बँकेचा पैसा आला, २००५ ला आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला, आणि आज तालुक्याच्या गोदामात विचारलं तर ताडपत्री शिल्लक नाही!

पण नवल तरी काय करावं. या जिल्ह्यात शेतकरी फास घेते तेव्हाही फाईल पात्र-अपात्र ठरते आणि पात्र झाली तर एक लाख, २००६ पासून तोच एक लाख. दर हिवाळ्यात अख्खं सरकार नागपूरला येते, १९५३ च्या नागपूर कराराचा मान ठेवायला म्हणे. नागपूरहून आमचा तांडा एका दिवसाच्या रस्त्यावर आहे, आजवर कोणी आलं नाही. लोकांकडून कागद मागणं एवढंच काम उरलं आहे का या यंत्रणेचं?

यादी पुन्हा करा. लोकांनी दिलेली मदत पंचनाम्यात धरू नका, तसं लेखी काढा. भेग पडलेली भिंत नंतर पावसात बसली तर ती भूकंपातच धरा. आणि दगड काढायला सांगता तर हूक-बोल्ट पण द्या. उधारीचं राहू द्या, सोयाबीन आलं तर फेडीन.

पोळ्याच्या आत माणूस पाठवा. त्याच्यासोबत घरोघर फिरायला मी तयार आहे, आधी याडीच्या चुलीमागून सुरू करू.

आपला,
पैनगंगेकाठचा एक शेतकरी, स्वयंसेवक
जि. यवतमाळ