‘आई’ होण्याआधीच्या रीमा लागू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रीमा लागूंवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘मैंने प्यार किया’ (1989) पासून सुरुवात करून पुढे सगळी ‘पडद्यावरची आई’च आली. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे दोन ओळींत उरकली आहेत. खरे तर दूरदर्शनवर त्या एवढ्या सहज का वावरत, याचे उत्तर तिथेच आहे.

मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, त्यामुळे तालीम, नक्कल (आपल्या वाट्याचे संवाद) पाठ करणे, वेळेवर एंट्री घेणे हे सारे घरचेच. बालकलाकार म्हणून सिनेमात काम केले, मग पुण्यात हुजूरपागेत शिक्षण. 1979 पासून सुमारे दहा वर्षे मुंबईत युनियन बँकेत नोकरी. आंतरबँक स्पर्धांतही त्या उतरत. ‘खानदान’ ही मालिका 1985 ची, म्हणजे या नोकरीच्याच काळातली. व्यावसायिक रंगभूमीवर ‘पुरुष’सारखी नाटके केली ती वेगळीच.

नाटकातून मालिकेत येणाऱ्यांची गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. एक आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला गळा क्लोजअपमध्ये अंगावर येतो, आणि त्यासोबत भुवयाही चढतात. दुसरी अडचण हशाची. नाट्यगृहात हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे, हे प्रेक्षकच शिकवतात. सेटवर मात्र शुकशुकाट. हशा नंतर संकलनात मिसळायचा. थांबा कमी पडला तर पुढचे वाक्य हशाखाली बुडते, जास्त झाला तर प्रसंग लोंबकळतो. संकलक थोडेफार सावरतो, पण दोघे एकाच फ्रेममध्ये असले तर तिथे कात्री चालत नाही. तो थांबा नटानेच अंदाजाने ठेवायचा, आणि तो अंदाज शेकडो प्रयोगांनंतरच येतो. शिवाय हाताला काम हवे: भाजी निवडताना, पदर खोचताना बोलायचे आणि रिटेकला नेमक्या त्याच शब्दावर तोच हात हलवायचा. चुकला तर दोन शॉट जुळत नाहीत. नाटकात रोज तेच करणाऱ्याला हे जड जात नाही.

1994 हे साल पाहा. ‘श्रीमान श्रीमती’त त्या जतीन कनाकियांची बायको कोकी, ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया पिळगांवकरांची सासू, आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरी दीक्षितची आई. वय तेव्हा 36. सुनेपेक्षा नऊ वर्षांनीच मोठी सासू! केस पांढरे केले की सासू होत नाही. चालण्याचा वेग आणि वाक्याचा शेवट बदलावा लागतो. सासू-सुनेच्या भांडणात दोघी एकमेकींचे वाक्य तोडतात, तरी एकही शब्द हरवत नाही. सिनेमातल्या रडक्या प्रसंगांपेक्षा मला हे काम अवघड वाटते. पण आपल्याकडे विनोदाला दुय्यम मानायची खोड जुनीच. नाट्यशिबिरांत नुसती भाषणे ठेवण्याऐवजी या दोन मालिकांचा एकेक भाग आवाज बंद करून दाखवला, तर मुलांना हात आणि नजर कशी चालते ते कळेल.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात निधनसमयी वय 59 दिले आहे. जन्म 21 जून 1958, निधन 18 मे 2017. म्हणजे 59 व्हायला महिनाभर बाकी होता. तेव्हा त्या ‘नामकरण’ मालिकेत काम करत होत्या, त्याचाही लेखात उल्लेख नाही.

— एक नाट्यप्रेमी वाचक, पुणे