भिंतीवर एक ओळ आमच्या बोलीची पण ठेवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी शहादा तालुक्यात राहतो, नातीला घ्यायला रोज शाळेत जातो. मागच्या महिन्यात शाळेला ते बाला पेंटिंग झालं, म्हणजे शाळेच्या भिंती-फरशीवरूनच पोरं शिकतील असं रंगवतात ते, छानच झालंय, दाराखाली फरशीवर कोन काढलेत, दार उघडत नेलं की ३०, ६०, ९० अंश पोरांना दिसतात. पण भिंतीवर सगळं पुस्तकी मराठी नि इंग्रजी, ते पण ऑइल पेंटमधे आणि इतकं वर की पहिलीच्या पोरांनी नुसतं मान वर करून बघायचं.

वर्गात कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या पावरी, भिली, गुजर घरातली पण दोनतीन आहेत. डोळ्याच्या चित्राखाली 'डोळा' लिहिलंय, नात म्हणते 'डोया', आणि ते चूक आहे असं आता तिला पक्कं वाटायला लागलंय. अहो चूक कुठंय, आम्ही पिढ्यान् पिढ्या डोयाच म्हणतो! २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांची भाषा खानदेशी नोंदलीये, आमची अहिराणी त्यातच मोजलीये. तिच्या शेजारची पावरी पोरगी तर अक्षरं जोडून शब्द बरोब्बर वाचते आणि गप्प होते, कारण तो शब्द तिने घरी कधी ऐकलेलाच नाही, मग अर्थ कुठून लागणार. पोरगी हुशार आहे, तिला मागे बसवू नका एवढंच सांगतो.

खर्च फार नाही. खालून तीन फुटांपर्यंत फळ्याचा काळा पट्टा मारा, पोरं खडूने लिहितील, पुसतील, परत लिहितील. चित्राखाली मराठी शब्द असूच द्या, मराठी तर शिकायचीच आहे, पण त्याखाली एक ओळ रिकामी ठेवा, ती पोरांना विचारून भरायची. व्हरांड्यात दोरी बांधा, पोरगं बोलेल तसं सरांनी कागदावर लिहायचं, 'मनी माय वावरमा गयी', खाली 'माझी आई शेतात गेली', आणि चिमट्याने लटकवायचं. स्वतःचं बोलणं लिहिलेलं दिसलं की पोरं ते सारखं सारखं वाचतात, मी घरी नातीसोबत करून बघितलंय, तिने तो कागद उशाशी ठेवलाय.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात पण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं आहेच.

दिवाळीच्या सुट्टीत अजून शाळा रंगवणार असं ऐकतोय. पेंटरला ऑर्डर द्यायच्या आधी गावच्या आणि पाड्यावरच्या पालकांना बोलवा, कोणत्या घरात काय बोलतात ते विचारा. पावरी शब्द सांगायला त्या पोरीच्या आजीला मी स्वतः घेऊन येतो.

- एक आजोबा, ता. शहादा, जि. नंदुरबार