पेठेतली मतं फिरत नाहीत, घरी बसतात

मा. संपादक,

आपल्या पेपरात आणि टीव्हीवर पण पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघाचा विषय निघाला की एकच पट्टी लागते, "भाजपचा बालेकिल्ला". मग २०२३ ला बालेकिल्ला ढासळला, २०२४ ला परत मिळवला, म्हणजे आम्ही पेठेतले लोक दर दीड वर्षाला मन बदलतो असं बाहेरच्याला वाटावं. आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा जरा, गोष्ट वेगळीच दिसते.

२०१९ ला भाजपच्या मुक्ता टिळक साधारण ७५ हजार मतं घेऊन २८ हजारांनी आल्या. पण समोर कोण होतं, काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७ हजार, सेनेचे बंडखोर धनवडे तेरा-चौदा हजार, मनसे आठेक हजार. करा बेरीज, ६९ च्या आसपास जाते. म्हणजे विरोधातली मतं तेव्हाही होतीच की, फक्त तीन ठिकाणी वाटलेली. टिळक ताई गेल्यावर फेब्रुवारी २३ ची पोटनिवडणूक सरळ लढत झाली आणि काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांना ७३ हजार पडली. ह्यात चमत्कार काय आहे? चमत्कार असलाच तर दुसऱ्या बाजूला आहे, भाजपचे हेमंत रासने ६२ हजारांवर थांबले, म्हणजे भाजपची १३ हजार मतं कमी, आणि तेव्हा मतदान जेमतेम ५० टक्के झालं होतं.

आता नोव्हेंबर २०२४. तेच दोघं समोरासमोर. रासने ९० हजार, धंगेकर ७० हजार. धंगेकरांची मतं किती घटली? अडीच-तीन हजार फक्त! आणि रासनेंची २८ हजारांनी वाढली. हे २८ हजार लोक धंगेकरांकडून आले नाहीत हे पोरगंही सांगेल, ते बहुतेक घरातून आले. मतदानच वाढलं ना त्या वेळी. मधे लोकसभेला मे महिन्यात ह्याच कसब्यात भाजपच्या मुरलीधर मोहोळांना आघाडी होती, तेव्हाच कळायला हवं होतं.

पोटनिवडणुकीत लोक घरी का बसले ह्यावर तेव्हा खूप चर्चा झाली, टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून ब्राह्मण मतदार नाराज वगैरे. नाराजी होती, नाही म्हणत नाही, आमच्या कट्ट्यावर पण ऐकलीय. पण त्याच मुद्द्यावर हिंदू महासंघाचे दवे उभे होते, त्यांना हजारभर मतं पण पडली नाहीत. म्हणजे सदाशिव-नारायण पेठेतला माणूस चिडला तरी दुसऱ्याचं बटण दाबत नाही, तो सरळ दुपारी जेवून झोपतो. भाजपचे चंद्रकांत पाटील "हू इज धंगेकर" विचारत होते तेव्हा इकडे पूर्वेच्या पेठांमधे स्कूटरवर फिरणारा माणूस कोण हे कुणाला विचारायची गरज नव्हती. २००९ ला हाच माणूस मनसेचं इंजिन घेऊन भाजपच्या गिरीश बापटांच्या फक्त आठेक हजार मतांनी मागे राहिला होता. त्याची मतं चिन्हाची कमी न् ओळखीची जास्त. आता ते शिंदे सेनेत आहेत, ती मतं सोबत जातात का ते बघायचं.

बापटांचं पण तेच. जवळपास २५ वर्षं आमदार राहिले ते काय फक्त कमळावर? सगळ्या पक्षात त्यांचे मित्र. आणि गंमत म्हणजे ९५ च्या आधी ते पण इथेच एक पोटनिवडणूक हरलेत, काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून. भाजप हरली ती दोन्ही वेळा पोटनिवडणूकच.

अजून एक गोष्ट कुणी लिहीत नाही, ती म्हणजे मतदार यादी. वाडे पडले, रीडेव्हलपमेंट झालं किंवा रखडलं (शनिवारवाड्याच्या १०० मीटरच्या आत तर नवं बांधकामच करता येत नाही, तिथले लोक किती वर्षं ओरडतायत), माणसं कोथरूडला नाहीतर सिंहगड रोडला गेली पण नाव अजून पेठेतच. असा माणूस विधानसभेला सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येतो, जुन्या शेजाऱ्यांना भेटतो, मिसळ खातो, मत देतो. पोटनिवडणुकीला रविवार असून पण येत नाही. ही मतं कोण आणतो ह्यावर कसबा ठरतं आणि २०२४ ला भाजपने ते काम नीट केलं हे मान्य करायला हवं, मी त्यांचा मतदार नसलो तरी.

हरल्याचा एक फायदा मात्र झाला. मिळकतकरातली ४० टक्के सवलत गेलेली होती, लोक बोंबलत होते, पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि काही आठवड्यांतच सरकारने ती परत द्यायचं ठरवलं. योगायोग म्हणा हवं तर.

तर विनंती एवढीच, पुढच्या निवडणुकीला एक्झिट पोल छापण्याआधी मागच्या दोन्ही वेळचे फॉर्म २० काढा, बूथवार आकडे सरकारी वेबसाइटवर असतात, आणि पेठेनुसार नकाशा करून एक अख्खं पान छापा. कुठल्या बूथवर किती लोक आलेच नाहीत तो रकाना पहिला ठेवा.

एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे