पाचवा कॅमेरा

चिपळूण,
24 मे

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कॅमेऱ्यांचा खोका आला आणि मी तो उघडला. "गणपतीत येईन तेव्हा लावू, तोवर हात लावू नकोस," असं तू तीनदा बजावलं होतंस, म्हणून चार दिवस तो कॉटखाली ठेवलाही. पण गणपतीपर्यंत थांबायचं म्हणजे भर पावसात शिडी लावून भिंतीत भोकं पाडायची. वळीव सुरू झालाच आहे. शिवाय 34 वर्षं टेलिफोन खात्यात तारांच्या जोड्या जुळवलेल्या बाईला कॅमेरे लावता येतात. फोनवर सांगायला लागले की तुझी मीटिंग निघते, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. उद्या काही बिघडलं तर हाच कागद बघून तुला दुरुस्त करता येईल.

आधी रेकॉर्डर कुठे आहे ते. तू म्हणाला होतास टीव्हीखाली. तिथे तो चोराला पहिला सापडेल हे एक, आणि दुसरं म्हणजे पाणी. माजघराच्या दाराच्या चौकटीवर बाबांनी खिळ्याने ओढलेली रेघ तू पाहिली आहेसच, 22 जुलै 2021 च्या पुराची. त्या रेघेखाली या घरात मी आता मिक्सरसुद्धा ठेवत नाही. रेकॉर्डरचा डबा माळ्यावर ठेवला आहे. अगदी कौलांखाली नाही, मे महिन्यात तिथे पापड भाजतील. झरोक्याजवळच्या भिंतीला फळी मारली आणि चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा सोडली. इन्व्हर्टर तर त्या पुरानंतर वर गेलाच होता, तो शेजारीच आहे.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, त्याच्यावर यूपीएस लिहिलेलं असतं. तो दुसऱ्या बाजूला होता. वीज गेली की दिवे नुसते डोळा मारल्यासारखे व्हायचे, पण रेकॉर्डर मात्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि दीड-दोन मिनिटं काहीच टिपायचा नाही. आपल्याकडे दिवसातून पाच वेळा वीज जाते. खटका यूपीएसवर केला, प्रश्न मिटला. डबा, कॅमेरे आणि राउटर मिळून साधारण 50 वॅट खातात, तेव्हा 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पंखे न लावता बारा तास तरी निघतील.

वायरमन त्याला सारखा डीव्हीआर म्हणत होता. हा एनव्हीआर आहे असं मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. डीव्हीआरकडे कॅमेऱ्यातून कोअॅक्सची जाड वायर येते आणि चित्राचे आकडे डबा करतो. एनव्हीआरमध्ये ते काम कॅमेरा स्वतःच करतो, डब्याकडे तयार आकडे येतात, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही जाते. हे वाचून मला गंमत वाटली ती अशी की ती वीज साधारण 48 व्होल्टची असते. आमचं अख्खं एक्स्चेंज 48 व्होल्टवरच चालायचं, बॅटरी रूममधल्या त्या मोठाल्या बॅटऱ्या तुला लहानपणी दाखवल्या होत्या. वायरींचे रंगही ओळखीचेच, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. फक्त क्रम वेगळा. आमच्याकडे निळ्यापासून सुरुवात, इथे नारिंगीपासून.

वायरीवरून मात्र भांडण झालं. वायरमनचा पोऱ्या बाजारातून स्वस्तातलं बंडल घेऊन आला, "एकदम ओरिजिनल, काकू." मी ब्लेड घेतलं, एक तार सोलली आणि हलक्या हाताने खरवडली. वर तांबूस, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेला तांब्याच्या दीडपट तरी रेझिस्टन्स असतो. वीज वाटेतच गळते, आणि रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो बंद पडतो. दिवसा सगळं छान चालतं, म्हणून कोणाला कळत नाही. बंडल परत पाठवलं. शुद्ध तांब्याचं जवळजवळ दुप्पट किमतीला आलं, ते पैसे मी दिलेत, त्यावर बोलायचं नाही.

वायरीच्या टोकाला बसवायचा पहिला कनेक्टर माझाही चुकला. पांढरा-हिरवा तिसऱ्या घरात आणि हिरवा सहाव्यात, मधल्या दोन घरांत निळी जोडी. मी हिरव्याची जोडी शेजारी-शेजारी तिसऱ्या-चौथ्यात बसवली, हाताला तीच सवय. चश्मा लावून परत कापला. आता दहाच्या दहा टोकं नीट आहेत. भिंतीत शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोल ठेवला आहे, म्हणजे पागोळीचं पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोलाच्या तळाशी टपकतं. पोऱ्या म्हणाला वायर फुकट जाते. जाऊ दे की हातभर.

रेकॉर्डरला मागे आठ पोर्ट आहेत. कॅमेरे थेट त्यातच लागतात, त्यामुळे ते डब्याच्या आतल्या जाळ्यातच राहतात. राउटरकडे डब्यातून एकच वायर जाते. मला हे आवडलं. बाहेरच्याने यायचं तर एकाच दाराने, आणि त्या दाराला मी कुलूप लावलं आहे. 2016 मध्ये मिराय नावाच्या एका व्हायरसने जगभरचे असे लाखो कॅमेरे आणि डबे पकडले होते, ते फक्त कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नाही म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच गर्दीने अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. कोणाच्या तरी अंगणातला कॅमेरा त्यात सामील, आणि घरमालकाला पत्ता नाही! तेव्हा माझा पासवर्ड 16 अक्षरांचा आहे आणि तो तुझी जन्मतारीख नाही. पाकिटात घालून बाबांच्या कपाटात ठेवला आहे, फोनवर विचारू नकोस. राउटरमधून बाहेरून आत यायची वाट, म्हणजे पोर्ट, उघडायचं तू म्हणत होतास, ते केलेलं नाही. आपल्या फायबरवाल्याने घराला इंटरनेटचा स्वतंत्र पत्ताच दिलेला नाही, अनेक घरांत मिळून एक, त्यामुळे ते चाललंही नसतं. ॲपमधून क्यूआर कोड स्कॅन करून बघ, तुला नुसतं पाहण्यापुरतं वेगळं खातं काढून दिलं आहे. सेटिंगला हात लावता येणार नाही. मुद्दामच.

डिस्क 2 टेराबाइटची पाठवलीस ते बरं केलंस. डब्याने आपणहून चित्र दाबून साठवायची एच.264 ही पद्धत आणि कॅमेऱ्यामागे सेकंदाला 4 मेगाबिट धरलं होतं. त्याला आठाने भागलं, दिवसाच्या 86,400 सेकंदांनी गुणलं, एका कॅमेऱ्याचे दिवसाला 43 जीबी. पाच कॅमेऱ्यांना जेमतेम नऊ दिवस पुरते. मग एच.265 निवडलं, 2 मेगाबिट केलं, चित्र मला तरी तसंच दिसतं. आता अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी जुनं पुसून त्यावर नवीन लिहिलं जातं, तेव्हा कधी काही घडलंच तर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. पोलिसांत द्यायची वेळ आली तर नुसती क्लिप पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा लागू आहे, त्यातल्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं.

आता माझी फजिती. लावून तिसऱ्याच दिवशी गेटला अडकवलेली दुधाची पिशवी गेली. दूधवाला सव्वासहाच्या आत येतो. मी मोठ्या ऐटीत माळ्यावर गेले, सहा ते साडेसहा पाहिलं, अंधार आणि पालीची शेपटी. दूधवाला आलाच नाही! संध्याकाळी त्याला फोन लावून बोलले, तो बिचारा शपथा घालतो. मग पेपरवाल्या मुलावर संशय घेतला. दुसऱ्या दिवशी सहज पुढे सरकवलं तर डब्याच्या घड्याळात 8:40 ला दूधवाला पिशवी अडकवतोय आणि 8:47 ला आळीतला तो कान तुटका कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहून ती उतरवतोय. आणि त्या 8:40 ला सूर्य नुकता उगवला होता. डब्याचं घड्याळ अजून जन्मगावच्या वेळेवर होतं, चीनची वेळ आपल्यापुढे अडीच तास. वेळ पट्टा +5:30 केला, नेटवरून आपोआप जुळवण्यावर खूण केली. पेपरवाल्याला दोन रव्याचे लाडू दिले. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसरा त्रास कोळ्यांचा. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि काचेसमोर एक धागा हलला तरी तो डब्याला दोरखंडाएवढा दिसतो. पहिल्या रात्री फोन चाळीस वेळा वाजला. आता माणूस दिसला तरच कळव असं सांगितलं आहे, आणि दर शनिवारी काठीला फडकं बांधून चारी कॅमेऱ्यांची तोंडं पुसते. गेटवरचा कॅमेरा तू 14 फुटांवर लाव म्हणाला होतास. तिथून माणसाचं टक्कल दिसतं, तोंड नाही. 9 फुटांवर घेतला. परसदारच्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंची न्हाणी येत होती, तेवढ्या भागावर डब्यातून काळा चौकोन टाकला आणि काकूंना वर बोलावून दाखवलाही. नाहीतर उद्या आळीभर झालं असतं.

हे झाले चार. गेट, ओटी, परसदार, बोळ. पाचव्याच्या खोक्यावर तू स्वयंपाकघर असं लिहिलं होतंस.

मला कळतं ते कशासाठी. मागच्या श्रावणात मी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरले, आणि तुला ते दोन दिवसांनी कळलं, तेही काकूंकडून. राग येणारच. पण अमेय, मी दिवसभर घरात कशी वावरते ते मलाच माहीत असलेलं बरं. दुपारी दोनला मी पातेल्यातलाच भात खाते, पदर खोचून, उभ्याने. कधी बाबांशी मोठ्याने बोलते. कधी काहीच करत नाही, ओट्याला टेकून बसते, आणि तू ऑफिसातून बघून फोन करशील, "आई, अशी का बसलीस?" मग मला बसायचीसुद्धा चोरी. तो कॅमेरा स्वयंपाकघरात लागणार नाही.

तुझ्या काळजीसाठी ओटीचा कॅमेरा आहे. मी रोज सकाळी साडेसहाला तुळशीला पाणी घालायला येते, ते त्यात पूर्ण दिसतं. तेवढं बघ. सातपर्यंत दिसले नाही तर काकूंना फोन कर, त्यांच्याकडे किल्ली आहे. हे काकूंशी बोलून ठरवलं आहे.

पाचवा मी माळ्याच्या खिडकीत लावला, पुढच्या माडाकडे तोंड करून. तू जुलैत रात्री दोन-दोनदा फोन करतोस, "पाणी किती आलं?" मी दार उघडून विजेरी मारणार आणि अंदाजाने सांगणार. आता गवंड्याला बोलावून पाण्याची नळी धरली, घराची पातळी माडावर उतरवली आणि नारळ पाडायला येणाऱ्या गड्याकडून ऑइलपेंटचे पट्टे मारून घेतले. फुटाफुटाला पांढरा, आपल्या उंबऱ्याच्या पातळीला पिवळा, आणि वर बाबांच्या रेघेला लाल. इन्फ्रारेडमध्ये रंग कळत नाहीत हे पट्टे मारून झाल्यावर लक्षात आलं, म्हणून पिवळा दुप्पट रुंद करून घेतला आणि लाल तिप्पट. रात्रीही ओळखू येतात, मी पाहिलं. पुरात फायबर तुटलं तर तुला काही दिसणार नाही, ते मान्य. पण पाणी चढायला लागतं तेव्हा बहुतेक नेट असतं.

तर वाशिष्ठी भरली आणि भरतीची वेळ असली की पाचवा कॅमेरा उघड. पाणी उंबऱ्याच्या रुंद पट्ट्याला लागलं तर फोन कर. त्याच्या खाली असेल तर मी झोपलेली आहे असं समज.

सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. येताना चांगल्या प्रतीचे दहा-बारा कनेक्टर आण. इथले मिळतात त्यांची खीळ दुसऱ्यांदा काढली की तुटते. आणि राउटरच्या वायरीसाठी विजेपासून बचाव करणारा सर्ज प्रोटेक्टर. अर्थिंगचा खड्डा मी कोळसा-मीठ घालून आधीच करून घेतला आहे.