यंदा डॉल्बी बंद, देखाव्यात धनेश! वर्गणीसाठी आवाहन

पेठेतल्या समस्त थोरामोठ्यांना आणि माता-भगिनींना मंडळाचा नमस्कार.

गेल्या वर्षी तुमच्या वर्गणीतली निम्म्याहून जास्त रक्कम डॉल्बीत गेली. त्यावरून कट्ट्यावर आम्ही काय काय ऐकून घेतलं, ते आम्हालाच ठाऊक. बरोबरच होतं म्हणा. यंदा डॉल्बी बंद. देखावा आहे बेटांवरच्या पक्ष्यांचा.

मधोमध अंदमानातलं नारकोंडम बेट. जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं. तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही. दाजीपूरच्या जंगलातल्या धनेशाचाच तो भाऊबंद. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, बोटभर फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. हा नर आम्ही वायपरच्या मोटरवर हलवणार आहोत. रोज रात्री कागदाचा लगदा मळणं चालू आहे. चोच दोनदा गळून पडली. तिसऱ्यांदा आत बांबूची काडी घातली, तेव्हा कुठे टिकली.

या बेटावर माणसांनी बकऱ्या नेल्या. त्यांनी जंगलातली कोवळी रोपं फस्त केली. रोपंच नाहीत तर पुढे ढोलीला झाड कुठून येणार? शेवटी बकऱ्या हलवाव्या लागल्या. प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावर याहून वाईट झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजाच्या मालातून झाडावर चढणारा साप आला, आणि असला शत्रू कधी न बघितलेले जंगलातले बहुतेक पक्षी संपले.

मॉरिशसचा डोडो सगळ्यांना माहीत आहे. पण तिथलाच एक छोटा ससाणा १९७४ मध्ये फक्त ४ उरला होता. लोकांनी घरट्यातली अंडी काढून उबवली, मादीने पुन्हा घातली, पिल्लं वाढवून रानात सोडली. आज ते शेकड्यांनी आहेत. हा ससाणा देखाव्यात सगळ्यात वर बसेल.

तर आता मागणं. घरातली रद्दी द्या, पण चकचकीत कागद नको, त्याचा लगदा होत नाही. खळीला मैदा, पोस्टर रंग, जुनी वायपर मोटर चालेल. रंगकामाला हात हवेत. शाळकरी पोरंही या, फक्त जुने कपडे घालून. वर्गणी यथाशक्ती. उरलेल्या पैशातून दुर्बिणी घेऊन पोरांना कळंब्याच्या तलावावर पक्षी दाखवायला नेऊ. हिशेब विसर्जनानंतर फळ्यावर लागेल.

पोरं रोज संध्याकाळी ७ नंतर दारात येतील. पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.