प्लेटमधला गोल आणि पोटातली चांदी

मा. संपादक,

चांदीच्या पाण्याने, म्हणजे कोलॉयडल सिल्व्हरने, लॅबमध्ये बॅक्टेरिया मरतात हे खोटं नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. मी बावीस वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या महिन्यात आत्याने त्याची एक बाटली दाखवली, रोज दोन चमचे घेते म्हणाली आणि वर मोबाईलमधला फोटो दाखवला, जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये चांदीच्या पाण्यात भिजवलेली कागदाची छोटी चकती आणि तिच्याभोवती स्वच्छ गोल. "बघ रे, सगळे जंतू मेले!"

अहो, त्या गोलाचा अर्थ एवढाच की तिथे जंतू वाढले नाहीत. मेले की नुसते थांबले हे बघायचं तर जंतू चांदीच्या पाण्यात ठराविक वेळ ठेवायचे, मग त्यात थायोग्लायकोलेटसारखं काहीतरी घालून चांदी निकामी करायची आणि मगच थेंब नव्या प्लेटवर पसरून ३५-३७ डिग्रीला रात्रभर ठेवून कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, मोजायच्या. हजारातले ९९९ गेले तर मारतं म्हणायचं. ही निकामी करायची पायरी गाळली तर थेंबासोबत आलेली चांदी नव्या प्लेटवरही जंतू दाबून ठेवते आणि आपल्याला वाटतं सगळं साफ झालं. शेजारी तुलनेसाठी साध्या डिस्टिल्ड वॉटरची प्लेट, म्हणजे कंट्रोल, पण हवीच, ती त्या फोटोत कुठेच नव्हती.

मग मी आत्यासमोर ते पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं. पाणी धुरकट झालं. जंतूंच्या एन्झाइममधल्या सल्फरला धरून त्यांना मारणारे चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मिठातल्या क्लोराईडने आधीच पकडले. पोटात तर हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, रक्तात मीठ आहे, प्रोटीन आहे, तिथे प्लेटवरचा हिशोब लागत नाही.

भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावतात, पाण्याच्या मातीच्या फिल्टरला चांदी लावतात, ते ठीक, ते बाहेरून आहे. पण पोटात गेलेली चांदी कातडीत साठते आणि कातडी निळसर राखाडी होते, अमेरिकेत मोंटानाचे राजकारणी स्टॅन जोन्स यांचं असंच झालं आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, १९९९ मध्येच सांगितलं की पोटात घ्यायला किंवा वरून लावायला दुकानात मिळणारी ही औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

आत्याने बाटली बाजूला ठेवलीये, पण तिच्या भिशीतल्या चौघीजणी अजून घेतात. म्हणून विनंती, "चांदीने जंतू मेले" अशी बातमी आली तर कुठले जंतू, किती वेळ, चांदी निकामी केली होती का आणि कंट्रोल प्लेट होती का, एवढं विचारूनच छापा.

आपला नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन