आधी लायब्ररी, मग विषय : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. प्रोजेक्ट कंपल्सरी केला जातो ते चांगलंच आहे, पण विषयाचं टायटल फॉर्मवर लिहून द्यायची तारीख आधी येते आणि मुलं लायब्ररीत येतात नंतर, हे उलटं आहे साहेब, आणि ते सुलटं करणं तुमच्या हातात आहे म्हणून लिहितेय.

मुलं "पाणी" किंवा "प्रदूषण" असं भलंमोठं काहीतरी लिहून देतात, नाहीतर मागच्या बॅचचं टायटल उचलतात, आणि मग नेटवर तीच तीच पानं उघडत बसतात. विषय वाचता वाचता सापडतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी विश्वकोशातली नोंद वाचायची, त्यात विषयाचे फाटे कळतात, जाणकार कुठले शब्द वापरतात तेही कळतं, मग ते शब्द घेऊन कॅटलॉगमध्ये शोधायचं. एक पुस्तक बरं वाटलं की त्याच्या नोंदीतली विषयशीर्षकं, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारे ठरावीक शब्द, बघायची, त्यावरून शोधलं की ज्यांच्या नावात आपला शब्दच नाही अशीही पुस्तकं हाती लागतात, शिवाय पुस्तकाच्या मागची संदर्भसूची असतेच.

आणि शेल्फपाशी तर जायलाच हवं! ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायच्या पद्धतीत, पुस्तकं ज्ञानशाखेनुसार लावतात, त्यामुळे पाणी एका जागी मिळतच नाही. जलशास्त्र ५५१.४८ ला, पाणीपुरवठ्याचं इंजिनिअरिंग ६२८.१ ला, जलसंपत्तीचं अर्थकारण ३३३.९१ ला. या तिन्ही ठिकाणी थोडं थोडं चाळलं की मुलीला कळतं आपल्याला नक्की काय विचारायचंय, आणि "पाणी"चं "उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यातले क्षार वाढतात का" होतं. हा प्रश्न झाला, यावर काम करता येतं. शोधल्यावर हजारो निकाल आले तर विषय अजून मोठा आहे, दोनच आले तर बहुतेक शब्द बदलून बघायला हवा, एवढं साधं असतं पण शेजारी बसून दाखवणारं कुणीतरी लागतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाला हवी ती माहिती शोधायला मदत करणारा संदर्भ ग्रंथपाल हेच करतो. ती जागा रिकामी असली की मुलं कपाटांपुढे उभी राहून परत जातात, खरंच वाईट वाटतं बघून.

म्हणून मागणं एवढंच, टायटलच्या फॉर्मआधी प्रत्येक बॅचला लायब्ररीत दोन-तीन तास द्या आणि ते टाइमटेबलमध्येच टाका, फॉर्मवर टायटलऐवजी प्रश्न आणि वाचलेले तीन संदर्भ मागा, वाचताना प्रश्न बदलला तर टायटल बदलायची मुभा ठेवा. जर्नलच्या डेटाबेसचं लॉगिन मुलांना घरूनही चालू द्या. आणि संदर्भ ग्रंथपालाच्या रिकाम्या जागा भरा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. पुढच्या सत्राचे फॉर्म निघायच्या आत परिपत्रक काढाल ही विनंती.

आपली,
एक ग्रंथपाल